भोंग्याची हद्द

चिमणी पाडून किती वर्षं झाली, यावर
आमच्या गल्लीत अजून एकमत नाही.
पण भोंगा कुठवर ऐकू यायचा,
हे तर कुणी मोजलंच नव्हतं.
म्हणून निघालो, रविवारी, पायी.
वहीच्या मधल्या पानांवर हातानं काढलेलं सोलापूर,
पिशवीत दोन कडक भाकरी,
कागदात शेंगाचटणी.

पुतण्या म्हणाला, काका, गाडीनं सोडतो की,
दहा-पंधरा मिनिटांत हिप्परगा.
त्याला काय सांगू?
काच खाली करेपर्यंत
म्हातारी माणसं मागं पडतात.

गिरणीच्या फाटकाजागी आता इमारतीच्या नावाची पाटी.
तिथं पहिला ठिपका.
बाळीवेशीत तांब्याभांड्यांच्या दुकानात विचारलं,
इथं ऐकू यायचा?
धोत्रे हसले. ऐकू? अहो, फळीवरची भांडी उत्तर द्यायची.

वाट वाकडी करून दाजी पेठेत गेलो.
बोळात मागांची खडखड,
नालीत आज निळा, उद्या कुणास ठाऊक कोणता रंग.
मल्लेशम गुंटूक ओट्यावर.
रा, कूर्चो, म्हणाले, बसलो.
चाळीस वर्षं मागावर, कान केव्हाच गेलेले.
प्रश्न वहीत लिहून दाखवला.
त्यांनी चप्पल काढली,
तळवा फरशीवर टेकवला,
आणि मान डोलावली.
इथं ठिपका नाही दिला.
एक छोटं पाऊल काढलं.

रूपाभवानीपाशी नारळ विकणारी हुसेनबी,
तिला तिन्ही भोंगे पाठ:
पहिला चुलीचा, दुसरा वेणीचा,
तिसरा पळायचा.
तिसऱ्याला तिची आई अर्धी भाकरी
तोंडात धरून पळायची, म्हणे,
आणि उरलेली अर्धी हिच्या हातात.
कितव्या वर्षापर्यंत, विचारलं,
तर नारळाची शेंडी उपटत राहिली.

नाक्याच्या पुढं सावली संपते.
काळी जमीन, कापलेल्या ज्वारीचे सड,
बाभळीला अडकलेली चादरीची दशी,
ट्रकांचा वारा टोपी उडवतो.
चुन्याखाली बुजलेला एक मैलाचा दगड
नखानं खरवडून बघितला,
आकडा निम्माच लागला.
इथं विचारायला माणूस नाही.
कागद तेवढा कोरा.

तळ्याच्या भिंतीवर कल्लव्वा,
शेळ्या खाली, ती वर.
कुठनं चालत आलाव ओ? वेड लागलंय का?
पाणी दिलं आधी, मग बोलली.

लग्न होऊन आले बघा मिलच्या चाळीतनं.
पहिल्या पहाटे जागच आली नाही.
सासू म्हणाली, आळशी हाय.
आळशी कसली ओ?
भोंगाच झाला नव्हता.
तवा कळलं, माहेर लांब पडलं.

मग वारा तिकडनं असला की
इथं यायची, घागर खाली ठेवून.
एकदा आला.
येकदाच. खोटं कशाला बोलू?

मी पेन्सिल काढली.
नेमका ठिपका कुठं द्यायचा?
ती उभी होती तिथं, की घागर होती तिथं?
तिनं बोट दाखवलं, मग बदललं,
मग म्हणाली, ह्या कागदाचं करणार काय तुम्ही?
उत्तर नव्हतं. भाकरी काढली.
दोघांनी खाल्ली, चटणी तिला तिखट नाही लागली.
शहराच्या बाजूनं कुठलासा हॉर्न आला
तर दोघांनीही मान वळवली.

परतताना पावलं मोजत होतो,
भिंतीपासून फाटकापर्यंत, हद्द पावलांत लिहावी म्हणून.
नऊ हजारांच्या पुढं गेलो होतो
आणि नाक्याजवळ हुसेनबीनं हाक मारली,
सापडला का हो?
विसरलो आकडा.
टाचेला फोड आलेला.
पुढच्या रविवारी दक्षिण, होटगीकडं,
फोड बसला तर.